गोळी सुनेची, गुडघे सासूबाईंचे

मित्रांनो, जरा मान वर करा. औषधांच्या कपाटावर, कापसाच्या गुंडाळ्यांच्या मागे एक राखाडी, लांबट पेटी दिसते ना? कोपऱ्यांवरचा रंग उडालेली, कडी थोडी वाकडी झालेली? तीच मी. रक्तदाब मोजायची पेटी. आता म्हातारी झाले आहे. पण माझी आठवण शाबूत आहे, आणि तुम्ही घटकाभर बसणार असाल तर मला बोलायची हौसही फार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलांवर माझ्यासारख्या कितीतरी पेट्या उघड्या पडलेल्या असत. एक कामगार बाई प्रत्येकीत काचेची नळी उभी बसवायची, दुसरी तिच्या तळाशी पारा भरायची. पारा म्हणजे चांदी पातळ केल्यासारखा दिसतो, पण मोठा लबाड असतो. एक थेंब जरी खाली सांडला तरी त्याची दहा पिल्लं होऊन टेबलाखाली पळतात. म्हणून ती बाई श्वास रोखून काम करायची. मग मला एक कापडी पट्टा जोडला, पट्ट्याला रबरी नळ्या, आणि नळीच्या टोकाला हाताच्या मुठीत मावेल असा फुगा.

देवाने मला हात दिले नाहीत, मित्रांनो. पण एक मिठी दिली. हा पट्टा माणसाच्या दंडाला गुंडाळायचा, फुगा दाबून आत हवा भरायची, की मी त्या दंडाला घट्ट मिठी मारते. माझा पारा नळीत वर वर चढतो. मग हवा हळूहळू सोडायची. पारा उतरू लागतो आणि कानाला नळी लावलेल्या माणसाला आतून ठोके ऐकू येतात, टप्, टप्, टप्. गाण्याची पेटी हवेवर सूर धरते, मी हवेवर काळजाचा ठोका धरते. एवढंच काय ते माझं कौशल्य.

एका छोट्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीण बाई मला विकत घेऊन आल्या. रस्त्याच्या टोकाला, सायकली दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाशेजारी ते प्रसूतिगृह होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून बाकं, आत एक तपासणीची खोली, मागे खाटा. मला हाताळायचं काम तिथल्या सिस्टरकडे होतं. सगळ्या बायका त्यांना ताई म्हणत. ताईंचा आवाज जरा खडा होता, पण हात लोण्यासारखा मऊ. मला उघडताना त्या कडी कधी आपटत नसत. काम झालं की पट्टा नीट गुंडाळून ठेवत, जसं लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं.

किती दंड पाहिले मी! गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारीचा दगडासारखा टणक दंड, शाळेतल्या बाईंचा खडूच्या धुळीचा दंड, नुकत्याच लग्न झालेल्या मुलीचा लाजून थरथरणारा दंड. बहुतेक वेळा पारा जिथे उतरायचा तिथे उतरायचा. ताई म्हणायच्या, "छान आहे, ऊठ. पुढची!" की ती बाई हसत बाहेर जायची.

पण कधीकधी तसं होत नसे. गरोदरपणात एखाद्या बाईचा रक्तदाब एकाएकी चढतो. पाय सुजतात, चेहरा सुजतो, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. काही वेळा तर तिला काहीच जाणवत नाही, फक्त मला जाणवतं. वेळीच उपाय झाला नाही तर झटके येतात आणि आई व बाळ दोघांच्या जिवावर बेततं. अशा वेळी मी खरं ते सांगायचे, ताईंचा चेहरा उतरायचा, डॉक्टरीण बाई धावत यायच्या, आणि गाडी मागवून त्या बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागायचं. लोक माझं कौतुक करत. "पेटी होती म्हणून कळलं हो!" म्हणत. पण वाईट बातमी सांगणाऱ्याला कौतुकाचं काय सुख?

अशीच एक बाई होती. तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि शिवणकाम करायची म्हणून ओठांत कायम एखादी टाचणी धरलेली. तपासणीला आली तरी ताईंना आधी ओरडावं लागे, "ती टाचणी काढ तोंडातून! गिळशील एखाद्या दिवशी." टाचणी म्हणायची, "ताई, ही तोंडात आहे म्हणून मी गप्प आहे. काढली तर तुमचंच डोकं उठवीन."

टाचणीच्या पहिल्या गरोदरपणात मीच तिच्या दंडाला मिठी मारून ती बातमी सांगितली होती. आदल्या तपासणीपर्यंत सगळं ठीक होतं आणि त्या दिवशी पारा उतरायलाच तयार नव्हता. गाडी आली. मोठ्या रुग्णालयात टाचणी वाचली. बाळ मात्र राहिलं नाही. पुढे ती दिसली तेव्हा ओठांत टाचणी नव्हती, आणि तरीही ती गप्पच होती. मित्रांनो, मला रडायला डोळे नाहीत ते बरंच आहे.

काही दिवसांनी आमच्याकडे गोळ्या आल्या. कॅल्शियमच्या गोळ्या. पांढऱ्या, जाड्या, खडूच्या तुकड्यासारख्या. डॉक्टरीण बाई ताईंना सांगत होत्या, "आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींच्या जेवणात दूध नाही, दही नाही, पालेभाजी कधीतरी. अंगात कॅल्शियम कमी पडतं. अशा बायकांना गरोदरपणात ही गोळी दिली तर रक्तदाबाचा तो आजार पुष्कळ कमी होतो. सगळा थांबत नाही, पण पुष्कळ कमी होतो."

खरं सांगू? आधी मला त्या गोळ्यांचा जरा हेवाच वाटला. मी एवढी वर्षं उभी आणि या कालच्या आलेल्या. पण मग विचार केला, मी काय करते? आग लागल्यावर ओरडते. या तर आग लागूच देत नाहीत म्हणे. मग त्या माझ्यापेक्षा मोठ्याच झाल्या की नाही?

बायकांना मात्र त्या आवडल्या नाहीत. दिवसाला तीन घ्यायच्या होत्या. "घशात अडकते हो ताई," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "ही गोळी आहे की फरशीचा तुकडा?" त्यात पुन्हा लोहाची गोळी वेगळी. ताई समजावायच्या, "या दोन गोळ्या म्हणजे भांडणाऱ्या जावा. एका वेळी एका ओट्यावर आणायच्या नाहीत. ही जेवणाबरोबर, ती दुसऱ्या वेळेला." आणि एवढं सगळं समजावून दमल्यावर, कोणी विचारलंच की ही कशाची गोळी, तर ताई थोडक्यात सांगून मोकळ्या व्हायच्या, "हाडांची."

हे शेवटचं उत्तर लक्षात ठेवा बरं का. घोळ तिथेच झाला.

टाचणीला पुन्हा दिवस गेले. ती आली तेव्हा दाराशीच थबकली. मला टेबलावर पाहून तिने हात मागे घेतला. ताईंनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "घाबरू नको. या वेळी आपण आधीपासून लक्ष ठेवू." डॉक्टरीण बाईंनी तिला लागणारी औषधं लिहून दिली, आणि त्यांत कॅल्शियमची गोळी होतीच. "तू तर मुळीच चुकवायची नाहीस," त्या म्हणाल्या. टाचणीने मान डोलावली. दर भेटीला ताई विचारायच्या, "गोळ्या?" टाचणी म्हणायची, "संपत आल्या, नवीन द्या." ताई खूश. मीही खूश. गोळ्या संपत होत्या हे खरंच होतं.

पाचवा महिना चालू होता. त्या सकाळी खोलीत एक पाहुणे बसले होते, प्रसूतिगृहाची औषधखरेदी मंजूर करणारे साहेब. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मऊ, पण प्रश्न धारदार. ते डॉक्टरीण बाईंना म्हणत होते, "बाई, प्रत्येक गरोदर बाईला रोज तीन गोळ्या, तेही महिनोन्महिने. आणि ज्या आजारासाठी देताय, तो बहुतेकींना होणारच नसतो. मग हा खर्च कशाला?"

"कोणाला होणार ते आधी दिसत नाही ना, साहेब," बाई म्हणाल्या. "ज्या एकीला होतो तिची गाडी, मोठ्या रुग्णालयातली खाट, रक्त, शस्त्रक्रिया, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काचपेटी, हे सगळं धरा. एवढ्यात किती बायकांचं गरोदरपण या गोळ्यांवर निघेल! आणि गेलेल्या जिवाची किंमत तर मी धरलेलीच नाही."

"मान्य," साहेब म्हणाले. "पण इथे, तुमच्याकडे, गोळीचा उपयोग होतोय हे मला दिसू दे."

तेवढ्यात टाचणी तपासणीला आत आली. ताईंनी पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला, फुग्यावर हात ठेवला, आणि दारातून आवाज आला, "येऊ का आत?"

टाचणीच्या सासूबाई. धोब्याच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून ज्यांचं आयुष्य गेलं, त्या. उत्तराची वाट न बघताच त्या आत आल्या आणि डॉक्टरीण बाईंना नमस्कार करून म्हणाल्या, "तुमच्या हाताला यश आहे हो! बघा, बघा माझे गुडघे!" असं म्हणून त्या भर खोलीत खाली बसल्या आणि कशाचाही आधार न घेता उठून उभ्या राहिल्या. वर पुन्हा एकदा करून दाखवलं.

ताईंनी विचारलं, "काकू, तुम्हाला कसलं औषध दिलं होतं आम्ही?"

"अहो, त्या पांढऱ्या गोळ्या! तुम्ही माझ्यासाठी सूनबाईजवळ पाठवता ना, त्या. रोज न चुकता देते हो ती मला. सकाळी, दुपारी, रात्री. स्वतः पाणी घेऊन उभी राहते. अशी सून मिळायला पुण्य लागतं."

मित्रांनो, त्या क्षणी मी टाचणीच्या दंडावर होते. काय सांगू! आत ठोके नव्हते, घोडे दौडत होते.

साहेबांनी चष्मा वर ढकलला. "वा! म्हणजे आपण सासूबाईंच्या गुडघ्यांवर खर्च करतोय."

ताईंनी पट्टा सोडला. "आत्ता मोजून काही उपयोग नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी शांत बस. टाचणे, तू एकही गोळी घेतली नाहीस?"

टाचणीने मान खाली घातली. "माझी हाडं धडधाकट आहेत, ताई. जिने धावत चढते मी. रात्री आई गुडघे धरून कण्हतात ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. हाडांची गोळी म्हणालात तुम्ही. मग ज्याची हाडं दुखतात त्याला नको का द्यायला?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या बाकावर टेकल्या. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी माझ्या नातवंडाच्या तोंडचं खाल्लं?"

"आई, तसं नाही हो..."

"अगं वेडे, मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर घेतल्या असत्यात?"

"शपथेवर नसत्या घेतल्या!"

"म्हणूनच नाही विचारलं."

सासूबाईंनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग सुनेचे. आणि मग तिच्या पाठीत एक हलकासा धपाटाही घातला. माझ्या उभ्या आयुष्यात मी भक्तीवरचं पुष्कळ बोलणं ऐकलं आहे, कारण ताई काम करता करता भजनं गुणगुणत. पण दुसऱ्यासाठी आपला घास काढून ठेवणं आणि तो खाल्ला गेला म्हणून दुसऱ्याने रडणं, याहून वेगळी भक्ती ती काय असते?

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "चूक तिची नाही. आपली आहे. आपणच हिला हाडांची गोळी म्हणत आलो." त्या टाचणीसमोर स्टूल ओढून बसल्या. "ऐक. ही गोळी तुझ्या रक्तदाबासाठी आहे. मागच्या वेळी जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून. कळलं?"

टाचणीचा चेहरा पांढराफटक पडला. "मग आता? वेळ गेली का?"

"नाही गेली. आजपासून घे."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, आता हे गोळ्या बंदच करणार. पण ते विचारात पडले होते. "बाई," ते म्हणाले, "मला वाटत होतं गोळी महाग आहे. आता कळलं, सगळ्यात महाग गोळी म्हणजे जी घेतली जात नाही ती. या गोळ्या रोज तीन कशाला? एक घेऊन भागत नाही?"

"मी तेच मांडणार होते," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "आता मोठे अभ्यास झालेत. कमी मात्रेची गोळीही जवळपास तेवढंच काम करते असं त्यांत दिसलंय. एक असली की बायका कंटाळणार नाहीत, विसरणारही नाहीत."

"आणि उरलेल्या पैशांत नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या बायकांनाही देता येतील," साहेब म्हणाले. "ठीक आहे. खरेदी चालू राहील. पण गोळी घरी जाऊन पोटात जाते की नाही हे बघायचं काम तुमचं. आणि नाव नीट सांगा तिचं."

ताईंनी पट्टा झटकला. "साहेब, तुमचाही हात द्या."

"माझा? मी कुठे गरोदर आहे?"

"द्या तर!" मी साहेबांच्या दंडाला मिठी मारली. ताईंनी पारा पाहिला आणि म्हणाल्या, "साहेब, जेवणातलं वरचं मीठ बंद. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा या." सासूबाई इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरीण बाईंनी वेगळं औषध आणि व्यायाम सांगितला. आमच्या गोळ्यांनी गुडघे खरंच बरे झाले होते, की सुनेने पाणी आणून दिल्याने, हे मला आजही ठाऊक नाही.

त्यानंतर टाचणीच्या घरी ताई मला घेऊन वरचेवर जाऊ लागल्या. चांभाराच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे, आणि कापड कापायच्या टेबलावर मला उघडायची जागा. सासूबाईंनी घरात नवा नियम केला होता. जेवण झालं की त्या पाण्याचा पेला घेऊन सुनेसमोर उभ्या राहत. "घे. आता तोंड उघड. जीभ वर कर." टाचणी म्हणायची, "आई, मी काय चोर आहे का?" सासूबाई म्हणायच्या, "आहेस! माझ्यासाठी चोरी करणारी चोर आहेस. तुझ्यावर विश्वास नाही." टाचणीचा नवरा सामान पोचवायची गाडी चालवायचा. तो जेवता जेवता म्हणाला, "मला कोणी इतक्या प्रेमाने पाणी दिलं नाही कधी." दोघी एकदमच त्याला म्हणाल्या, "तू गप्प बस."

मी दर वेळी त्या बारीक दंडाला मिठी मारायचे, आणि दर वेळी सगळं घर श्वास रोखून धरायचं. शेजारच्या बायकाही दारात येऊन उभ्या राहू लागल्या. मग ताईंनी त्यांचेही रक्तदाब मोजले. एकीची सून गरोदर होती, तिलाही गोळीचं खरं काम समजावलं. ताई आता विसरूनही हाडांची गोळी म्हणत नसत.

नवव्या महिन्यात एका दुपारी पारा नेहमीपेक्षा थोडा वर थांबला. फार नाही, थोडाच. पण ताईंचा हात फुग्यावर थबकला. टाचणीने ते पाहिलं. ताई म्हणाल्या, "डाव्या कुशीवर पड जरा. पुन्हा बघू." पुन्हा पाहिलं, तेवढाच. मग मात्र वेळ घालवला नाही. टाचणीला आमच्याकडे आणलं, लघवी तपासली, रक्त तपासलं. डॉक्टरीण बाईंनी तिला मागच्या खाटेवर ठेवून घेतलं. दिवसातून कितीदा तरी मला तिच्याकडे नेत. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत नळीत पारा चढवायचे. तो पुढे सरकला नाही. तिथेच थांबून राहिला, दारात उभ्या असलेल्या पण आत पाऊल न टाकणाऱ्या पाहुण्यासारखा. आणि एके सकाळी तिला कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. रडण्याचा आवाज एवढा मोठा की सायकलवाल्याने दुकानातून विचारलं, "पोहोचलं का बाळ?"

बाळंतपणानंतरही रक्तदाब चढू शकतो, मित्रांनो, म्हणून माझं काम संपलेलं नव्हतं. ताई मला घेऊन खाटेपाशी आल्या. टाचणीच्या एका हातावर बाळ होतं, दुसऱ्या दंडावर मी. मी मिठी मारली. टप्, टप्, टप्. पारा उतरत गेला, उतरत गेला, आणि जिथे यायचा तिथे शांत येऊन बसला. सासूबाई विचारत होत्या, "काय आहे? ताई, काय आहे?"

ताई म्हणाल्या, "काही नाही."

माझ्या सगळ्या आयुष्यातले सर्वांत गोड शब्द हेच. काही नाही! लोकांनी मोठमोठ्या बातम्या सांगून कौतुक मिळवावं. मला मात्र त्या दिवशी कळलं की आपल्यापाशी सांगायला काही नसणं हेच माझं भाग्य आहे.

त्या गोळीनेच टाचणीला तारलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका बाईवरून तसं म्हणता येत नाही. औषधं होती, लक्ष होतं, वेळेवर खाट मिळाली. पण पुढच्या वर्षांत आमच्या दारात ती गाडी पूर्वीपेक्षा कमी वेळा आली, एवढं मी माझ्या मिठीने जाणलं आहे. साहेबही येत राहिले. मीठ कमी केल्याचं सांगत, आणि मी त्यांचं खोटं पकडत राहिले.

आता बटण दाबलं की आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली आहेत. माझ्यातला पारा विषारी, म्हणून मला वर ठेवून दिलं. योग्यच केलं. एखाद्या दिवशी जाणत्या हातांनी तो पारा नीट काढून घ्यावा, मला कुठेही फेकू नये, एवढीच माझी स्वतःसाठी विनंती आहे.

आणि एक विनंती तुम्हाला. तुमच्या घरात आई, काकू, वहिनी, कोणी पोटुशी असेल, तर तिला तपासणीला पाठवा. बरं वाटत असलं तरी पाठवा. डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या हातात ठेवून निघून जाऊ नका. ती स्वतःसाठी मिळालेली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकील, आणि तुम्हाला पत्ताही लागू देणार नाही. तिचा जीवच तसा असतो. म्हणून पाण्याचा पेला घ्या, तिच्यासमोर उभे राहा, आणि ती गिळेपर्यंत तिथून हलू नका.